जुना ट्रक, नवा हेडर आणि चौदा मिलिमीटर

मागच्या उन्हाळी सुट्टीत मी कोलकात्याला होतो. बाबांची नेमणूक तिथे फोर्ट विल्यममध्ये आहे. या किल्ल्याला आता विजय दुर्ग म्हणतात. बाबांच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार काका खिदिरपूर भागात राहतात. त्यांची सारी नोकरी इएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या गाड्या आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये गेली. त्यांच्याकडे १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला एक शेव्हरोलेट ट्रक आहे. आईने मला "दिवसभर मोबाइल बघण्यापेक्षा जा तिकडे" म्हणून पाठवले, आणि मी पाच आठवडे तिथेच रमलो. त्या पाच आठवड्यांत मी जे शिकलो ते या पानावर मांडतो. विषय गाडीचा असला तरी त्यातले गणित आपल्या पुस्तकातलेच आहे.

गाडी आणि तिचे दुखणे

जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता आणि तो १९५४ मध्ये बंद झाला. काकांचा ट्रक तिथेच जुळवलेला, म्हणून ते त्याला "आपला मुंबईकर" म्हणतात. इंजिन पेट्रोलचे, एका ओळीत सहा सिलिंडर, सुमारे साडेतीन लिटरचे. या इंजिनाची एक खूण लक्षात ठेवा. हवा आत नेणारा आणि धूर बाहेर काढणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड डाव्या बाजूला आहेत. प्लग, डिस्ट्रिब्युटर आणि स्टार्टर उजव्या बाजूला आहेत.

धुराचा मूळ मॅनिफोल्ड बिडाचा होता आणि तो मधोमध तडकला होता. बीड तापून-थंडावून वर्षानुवर्षे ताण सोसते आणि एक दिवस चीर पडते. मल्लिक बाजार हा कोलकात्यातला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार. तिथे दोन रविवार फिरूनही धड मॅनिफोल्ड मिळाला नाही. तेवढ्यात काकांच्या अमेरिकेतल्या भाच्याने एक हेडर आणून दिला. हेडर म्हणजे बिडाच्या एका ओतीव तुकड्याऐवजी वाकवलेल्या पोलादी नळ्यांचा संच. आमच्या हेडरचे दोन भाग होते. पुढच्या तीन सिलिंडरांचा धूर एका नळीत येतो, मागच्या तिन्हींचा दुसऱ्या नळीत.

असे दोन भाग का? या इंजिनात ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. क्रँक दोनदा फिरला की सहा ठिणग्या पूर्ण होतात, म्हणजे ७२० अंशांत सहा, दर १२० अंशांना एक. आता क्रमातले एकाआड एक आकडे वाचा. १, ३, २ हे तिन्ही पुढचे सिलिंडर, आणि ५, ६, ४ हे मागचे. म्हणजे प्रत्येक नळीत धुराचा लोट बरोबर दर २४० अंशांनी येतो आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. ही वाटणी मला फार आवडली. पुढे या दोन्ही नळ्या आम्ही एकत्र आणून एकाच सायलेन्सरला जोडल्या. आवाज वाढवण्यासाठी सायलेन्सर काढणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि काकांना ते आवडतही नाही.

डब्यावर "बसतो" लिहिले म्हणजे बसतो असे नाही

हेडर इंजिनाला बसला, पण गाडीला बसेना. कारण सोपे होते. हेडर अमेरिकेतला, आणि तिथे स्टीअरिंग डावीकडे असते. त्यामुळे मागची नळी स्टीअरिंगला चुकवण्यासाठी आत वळवून मग एकदम खाली व बाहेर काढलेली होती. आपला ट्रक उजव्या स्टीअरिंगचा. जिथे स्टीअरिंग नव्हतेच तिथे नळीने वळसा घेतला होता, आणि त्या वळशामुळे ती नको तिथे पोहोचत होती. अडथळे चार निघाले:

१. मागच्या नळीखाली चॅसिसचा आडवा बीम. अंतर ५ मिलिमीटर.
२. बाजूला चॅसिसची लांब पट्टी आणि तिला क्लिपांनी धरलेला ब्रेकचा पाइप. अंतर १२ मिलिमीटर.
३. कोणा जुन्या मिस्त्रीने बसवलेला क्लचचा आडवा दांडा. पेडल वर असताना अंतर भरपूर, पण पेडल पूर्ण दाबले की दांडा नळीला टेकत होता.
४. हवेच्या मॅनिफोल्डचा फ्लँज जाड आणि हेडरचा फ्लँज २ मिलिमीटर पातळ. या इंजिनात दोन्ही फ्लँज एकाच क्लॅम्पखाली दाबले जातात. जाडी वेगळी असेल तर क्लॅम्प तिरका बसतो, जाड बाजू आवळली जाते आणि पातळ बाजूने धूर गळतो.

काकांसोबत काम करणारे मिस्त्रीदा बंगाली. त्यांचे एक वाक्य मला पाठ झाले, "आगे मापो, पोरे काटो." मी आधी समजलो की पुढे जाऊन मापायचे आहे. बंगालीत 'आगे' म्हणजे आधी. आधी मापा, मग कापा.

अरुंद जागा कशी मोजायची?

जिथे हातही जात नाही तिथे पट्टी कशी जाणार? मिस्त्रीदांनी मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती आणायला सांगितली. मातीचे छोटे गोळे नळी आणि चॅसिस यांच्यामध्ये ठेवायचे, हेडर जागेवर बसवून नट आवळायचे, मग हेडर काढून दबलेल्या मातीची जाडी व्हर्नियरने मोजायची. या वेळी गॅस्केट घालूनच मोजावे लागते, नाहीतर त्याच्या जाडीइतकी चूक होते. नट आवळताना मधल्यापासून सुरुवात करून टोकांकडे जायचे, म्हणजे फ्लँज वाकत नाही. मी प्रत्येक जागेला क्रमांक देऊन वहीत तक्ता केला. तो तक्ता नसता तर पुढे झालेली माझी चूक सापडली नसती.

उपायांचा क्रम

काकांनी एक नियम सांगितला. जी वस्तू सहज हलते आणि स्वस्तात परत मिळते ती आधी हलवा. जी एकदा कापली की परत येत नाही तिला शेवटपर्यंत हात लावू नका. म्हणून क्रम असा: आधी वायरी आणि क्लिपा, मग दांडे आणि रबरे, मग हेडरची नळी. चॅसिस कधीच नाही.

चॅसिस न कापण्याला आणखी एक कारण आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असली पाहिजे, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. काकांना पुढेमागे ही नोंदणी करायची आहे. म्हणून आम्ही ठरवले की मूळ गाडीला एकही नवे भोक पाडायचे नाही. जुना बिडाचा मॅनिफोल्डही टाकला नाही. तो दुरुस्त करून घेता येईल का, हे काका पाहत आहेत. तोपर्यंत हेडर हा पाहुणा.

क्लचचा दांडा सर्वांत सोपा निघाला. मधे एक बाक देऊन दुसरा केला आणि पेडल वर, मध्ये व पूर्ण खाली अशा तिन्ही वेळी अंतर तपासले. हलणाऱ्या वस्तूचे अंतर तिच्या शेवटच्या टोकाला मोजायचे असते.

फ्लँजसाठी मिस्त्रीदांनी पायरीचे वॉशर केले. एका अर्ध्या भागाला पूर्ण जाडी, दुसऱ्या अर्ध्या भागातून २ मिलिमीटर कानसून काढलेले. जाड फ्लँजवर पातळ अर्धा, पातळ फ्लँजवर जाड अर्धा, म्हणजे क्लॅम्प सपाट बसतो. सहा वॉशर मी कानसले. तळहाताला फोड आले, पण साबणाच्या पाण्याने तपासले तेव्हा एकाही जोडातून बुडबुडा आला नाही.

मग इंजिनाखालची रबरे, ज्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. ती दबून चपटी झाली होती. नवी घातल्यावर इंजिन सरळ ६ मिलिमीटर वर आले आणि बीमपासूनचे अंतर ५ चे ११ झाले. नळीला हात न लावता! हेडर बसत नाही असे वाटले तर आधी इंजिन तरी आपल्या जागेवर आहे का, ते पाहा.

माझी चूक

आता खाली ११ आणि बाजूला १२ मिलिमीटर अंतर होते. मला वाटले, गरम झाल्यावर नळी किती वाढेल तेवढे मोजले की झाले. विज्ञानाचे सूत्र माहीत होतेच:

लांबीतील वाढ = प्रसरण गुणांक × मूळ लांबी × तापमानातील वाढ

साध्या पोलादाचा गुणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२. नळीची लांबी ७०० मिलिमीटर. तापमान ३० वरून ४३० अंशांवर जाते असे धरले, म्हणजे वाढ ४०० अंशांची.

०.००००१२ × ७०० × ४०० = ३.३६ मिलिमीटर.

साडेतीन मिलिमीटरही नाही, आणि आपल्याकडे ११! आम्ही इंजिन सुरू करून न्यूट्रलमध्ये रेस दिली. नळी कुठे लागली नाही. मी वहीत लिहिले, "ठीक आहे," आणि खाली सही केली. काकांनी ती सही पाहिली आणि काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकांनी ट्रक अंगणातल्या वखारीच्या उतरणीवर नेला. मागे वाळूची पोती भरली होती. पहिल्या गिअरमध्ये चढ चढताना खालून "टक्" असा आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा "टक्". गाडी थंड झाल्यावर मी बॅटरी घेऊन खाली गेलो. ब्रेकच्या पाइपावर नखाएवढी चकचकीत जागा दिसली. नळी तिथे आपटत होती.

काकांनी मला शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या. हा पाइप जेमतेम ४.८ मिलिमीटर जाडीचा, आणि त्याची भिंत ०.७ मिलिमीटरची. या काळातल्या ट्रकात ब्रेक ऑइलचा मार्ग एकच असतो, म्हणून कुठेही गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. तिसरी गोष्ट उष्णतेची. डॉट ३ दर्जाचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषते. ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. कोलकात्याच्या दमट हवेत हे लवकर होते. ऑइल उकळले की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जाते पण ब्रेक लागत नाही.

त्या रविवारी माझी धाकटी बहीण आणि मी त्याच ट्रकच्या मागे बसून फेरफटका मारणार होतो. मी वहीतली सही पुन्हा पाहिली. कोणी मला रागावले नाही, पण त्या रात्री मला जेवण गेले नाही.

न्यूट्रलमध्ये का दिसले नाही?

न्यूटनचा तिसरा नियम आपण घोकतो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात. गिअरबॉक्समधून बाहेर जाणारा शाफ्ट चाकांकडे पीळ पाठवतो, तेव्हा तेवढाच उलटा पीळ इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडीला बसतो. रबरांवर बसलेले इंजिन त्यामुळे कलते. न्यूट्रलमध्ये शाफ्टला पीळ जातच नाही, म्हणून इंजिन नुसते थरथरते. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ कित्येक पटींनी वाढतो, म्हणून भार घेऊन चढ चढताना कल सर्वांत जास्त असतो. आपल्या ट्रकात इंजिनाची डावी बाजू तेव्हा उचलली जाते. खाली डावीकडे असलेले नळीचे टोक वर आणि बाहेर, म्हणजे नेमके ब्रेकच्या पाइपाकडे जाते. रिव्हर्समध्ये शाफ्ट उलटा फिरतो, म्हणून कलही उलटा, आणि नळी खालच्या बीमकडे जाते. मी दोन्हींपैकी एकही तपासले नव्हते.

मग आम्ही कल मोजला. इंजिनाच्या वरच्या झाकणाला एक उभी सळई बांधली. तिचे टोक इंजिन ज्याभोवती कलते त्या अक्षापासून ५०० मिलिमीटरवर होते. टोकामागे पुठ्ठा लावला आणि समोर मोबाइल बांधून चित्रीकरण सुरू ठेवले. चाकांना लाकडी ठोकळे लावले. गाडीत फक्त काका होते, आम्ही सगळे बाजूला लांब उभे. हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये त्यांनी क्लच हलकेच सोडला, मग रिव्हर्समध्येही तसेच केले. दोन्हीकडे टोक सुमारे साडेसतरा मिलिमीटर सरकले. हा प्रयोग मोठ्या आणि जाणत्या माणसाशिवाय कोणीही करू नये.

नळीचे टोक त्याच अक्षापासून ३०० मिलिमीटरवर. समरूप त्रिकोणांनी:

१७.५ × ३०० ÷ ५०० = १०.५ मिलिमीटर.

वाईटात वाईट म्हणजे कल आणि प्रसरण एकाच दिशेने येतील असे धरा. १०.५ + ३.४ = सुमारे १४ मिलिमीटर. आपल्याकडे होते ११ आणि १२. म्हणजे नळी आपटणारच होती. माझे सूत्र बरोबर होते, पण प्रश्नाचा मोठा भाग मी विचारलाच नव्हता.

शेवटी काय केले?

१४ वर आणखी ६ धरून आम्ही किमान २० मिलिमीटर अंतर ठरवले. ते मिळवायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे नळी लाल तापवून तिथे सपाट दाबणे. आतून ३८ मिलिमीटर असलेली नळी एका बाजूने ५ मिलिमीटर सपाट केली तर आतली वाट सुमारे ८ टक्के कमी होते. तेवढे इंजिनाला जाणवत नाही, पण मिळतात फक्त ५ मिलिमीटर. आम्हाला त्याहून जास्त हवे होते. म्हणून दुसरा मार्ग घेतला. नको असलेला वळसा मिस्त्रीदांनी कापला, तुकडा किंचित फिरवला आणि जागेवर फक्त चार टॅक मारले. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढली, पेट्रोलची टाकी आणि पाइप दूर केले. पुन्हा माती, पुन्हा व्हर्नियर. बाजूला २२, खाली २१. मग हेडर काढून, एका जाड पाटीला फ्लँज बोल्टने घट्ट आवळून पूर्ण वेल्डिंग केले. तसे केले नाही तर उष्णतेने फ्लँज वाकतो.

घासलेला ब्रेकचा पाइप बदलला. नवा पाइप नळीपासून ६० मिलिमीटर दूर, चॅसिसच्या खोबणीत, जुन्याच भोकांना क्लिपा लावून नेला. मधे पत्र्याची ढाल बसवली. ढालीच्या दोन्ही बाजूंना हवेसाठी फट ठेवली, कारण पत्रा कशाला तरी चिकटला तर तोच तापून उष्णता पुढे देतो. सगळे ब्रेक ऑइल नवे भरले आणि हवा काढली. नळीला गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी मात्र वापरली नाही. ती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि आतून गंज लागतो. हेडर आणि सायलेन्सर यांच्यामध्ये लवचिक जोड दिला, म्हणजे इंजिन कलले तरी नळीवर ताण येत नाही.

मग वाळूची पोती, तीच उतरण, पहिला गिअर, रिव्हर्स, आणि पुन्हा गाडीखाली. कुठेही चकचकीत जागा नव्हती. या वेळी वहीत मी लगेच सही केली नाही. तीन वेळा चाचणी झाल्यावर काका म्हणाले, "आता कर." पुढच्या रविवारी बहीण आणि मी मागे बसलो. ती सगळा वेळ गाणी म्हणत होती, आणि मी पूर्ण वेळ खालून "टक्" येतो का ते ऐकत होतो.

लक्षात ठेवण्यासारखे

१. अंतर थंड आणि उभ्या गाडीत मोजा, पण ते गरम आणि ओढणाऱ्या गाडीला पुरले पाहिजे.
२. हलणारी प्रत्येक वस्तू तिच्या दोन्ही टोकांना तपासा.
३. आधी रबरे, मग नळी. चॅसिस कधीच नाही.
४. ब्रेक आणि पेट्रोलच्या पाइपांना कमीत कमी किती अंतर पुरेल हे शोधू नका, जास्तीत जास्त किती देता येईल ते शोधा.
५. "ठीक आहे" लिहिण्याआधी कोणत्या स्थितीत ठीक आहे, तेही लिहा.

स्वाध्याय

१. हेडर स्टेनलेस स्टीलचा असता (गुणांक सुमारे ०.००००१७) तर ७०० मिलिमीटर नळी ४०० अंशांनी तापल्यावर किती वाढली असती? किमान २० मिलिमीटरचा आपला नियम तेव्हाही पुरला असता का?
२. नळीचे टोक अक्षापासून ३०० ऐवजी ४०० मिलिमीटरवर असते तर कलामुळे ते किती सरकले असते?

उत्तरे वहीत करून मला दाखवा. घासलेल्या पाइपाचा तो तुकडा माझ्या लॉकरमध्ये आहे. ज्याला पाहायचा असेल त्याने संध्याकाळच्या खेळानंतर यावे.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी